सरकीवर फोडलेलं खापर

मी फटकळ बाई आहे. शाळेत पालकांना तोंडावर बोलते, ग्रामसभेत उठून सरपंचाला जाब विचारते, आणि घरात तर विचारायलाच नको. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या की हिच्या जिभेला वेसण घालणारा अजून जन्माला यायचाय. असल्या बाईला आयुष्यात एकदा एक साधी गोष्ट आपल्या धाकट्या दिराला सांगायची होती. ती सांगता आली नाही. तिच्या जागी मी दुसरंच काहीतरी सांगून बसले, आणि त्यावर दोन माणसांची सात वर्षं गेली.

आमचं गाव मुरूमच्या बाजाराला जवळ. निम्मी घरं कानडी बोलणारी, निम्मी मराठी, आणि भांडताना सगळी दोन्ही बोलतात. माझं माहेर येडशीचं. लग्न होऊन इथं आले आणि वर्षाच्या आत जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. आमचे हे एसटीत कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस गाडीवर. शेती बघायचे ते माझे दीर. मी त्यांना भावजी म्हणते. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण मातीत हात असा की वाळलेली काडी खोचली तरी तिला पालवी यावी. ते मला वैनी म्हणतात आणि मी सांगेन ते त्यांना शंभर टक्के पटतं. घरात कसलाही कागद आला, बँकेचा असो की कोर्टाचा, तो माझ्याकडं येणार, मी वाचणार आणि मी म्हणेन तो त्याचा अर्थ.

भावजींचा जीव शेळ्यांवर. आमच्या जिल्ह्यातली काळी, लांब कानांची शेळी लांबलांबून माणसं न्यायला येतात, आणि भावजींचा बोकड तर पंचक्रोशीत नावाजलेला. लोक आपापल्या शेळ्या माजावर आल्या की आमच्या दारात घेऊन यायचे. भावजी त्या बोकडाला माणसासारखं जपायचे. मुरूमच्या बाजारातून सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं, पोतं आणायचं, भिजत घालायचं आणि सकाळी पाटीभर सरकी त्याच्या पुढं ठेवायची. सरकीनं अंगावर तेज येतं म्हणतात, आणि खरंच, बोकड असा चमकायचा की हात फिरवावासा वाटावा.

मग एका वर्षी शेळ्या उलटायला लागल्या. म्हणजे बोकड दाखवूनही गाभ जाईनात, तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर. एक झाली, दोन झाल्या, आठ-दहा झाल्या. लोक शेळ्या घेऊन दुसऱ्या गावाला जायला लागले. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण पारावर कुणीतरी बोललं की जसा मालक तसा बोकड, आणि ते हसणं आमच्या अंगणापर्यंत आलं. भावजींच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्या दिवशी भावजी जेवले नाहीत. शेतात गेले ते दिवेलागणीलाच परत आले.

गुरांच्या डॉक्टरांना मीच बोलावलं. त्यांनी बोकड तपासला, खायला काय घालता विचारलं आणि सरकी ऐकल्यावर मान हलवली. सरकी बंद करा म्हणाले, नराला एवढी सरकी चालत नाही. मी लगेच विचारलं, बीटी कापसाची सरकी म्हणूनच ना? कारण त्या दिवसांत माझ्या डोक्यात बीटीशिवाय दुसरं काही नव्हतं. ते म्हणाले, बाई, बीटी असो की आपल्या आज्याच्या काळातली देशी, सरकीत मुळातच एक द्रव्य असतं, ते जास्त झालं की नराला बाधतं. बीटीमुळं त्यात आणखी काही होतं का, ते मला सांगता यायचं नाही. भावजी तेव्हा आत चहा सांगायला गेले होते. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांनी बीटीची सरकी बंद करायला सांगितलीय. एकच शब्द माझ्या पदरचा घातला होता. तीन-चार महिन्यांनी शेळ्या पुन्हा गाभ जायला लागल्या आणि भावजींनी ते सगळ्या गावाला सांगितलं.

आता बीटी माझ्या डोक्यात का शिरली होती, तेही सांगते. आमच्या बचत गटाला सेंद्रिय शेती शिकवायला एक बाई यायच्या. त्या म्हणायच्या, बियाण्याच्या पोटातच विष घातलंय, ते बोंडअळी खाते तशी आपली गुरं खातात, गुरांचं दूध आपण पितो, आणि पुरुषांची ताकद कुठं चाललीय याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मोबाइलवर तसले व्हिडिओ यायचे. शिवाय गावात चोर बीटी शिरलं होतं. बिनबिलाचं पाकीट, कुठून येतं, कुणी तपासलं, काही पत्ता नाही, आणि त्यावर तणनाशक मारलं की तण मरतं, कापूस उभा राहतो. ते औषध आमची गडीमाणसं उघड्या तोंडानं, अनवाणी मारायची आणि संध्याकाळी डोकं धरून बसायची. मला राग यायचा. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि कृषी खात्याच्या माणसाला विचारलं की ह्याचा आमच्या पुरुषांवर काय परिणाम होतो ते कुणी बघितलंय का. तो म्हणाला, परवानगीचं बियाणं तपासूनच येतं, आणि चोर बीटीशी आमचा संबंध नाही. मी म्हटलं, मग कुणाचा आहे? बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या, खोटं कशाला बोलू.

तो प्रश्न मला आजही बरोबर वाटतो आणि त्याचं धड उत्तर आजही मला कुणी दिलेलं नाही. पण मी उत्तराची वाट बघायला तयार नव्हते.

माझी जाऊ आळंदच्या बाजूची, कर्नाटकातली. मला आक्का म्हणते. चौथीपर्यंत शिकलेली, कामाला वाघीण, बोलायला मऊ. चार वर्षांत त्या पोरीनं काय काय ऐकलं! आत्याबाई वाईट नव्हत्या, पण संक्रांतीला वाणाच्या बायका आल्या की तिला म्हणायच्या, तू चुलीकडं बघ. ओटी भरायला तिला पुढं करायच्या नाहीत. तुळजापूरला आईच्या दारात तिला पाच मंगळवार नेलं. पाचव्या वेळी परतताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली होती की आक्का, देवी तरी किती बाया ऐकंल. माझ्या दोन्ही मुली तिच्याच अंगाखांद्यावर वाढल्या. माझी ओटी भरलेली आणि ती माझ्या पोरींच्या वेण्या घालतेय, हे बघताना माझा जीव तुटायचा.

तिच्या सगळ्या तपासण्या मी सोलापूरला नेऊन केल्या. सगळं नीट. तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, आता मालकांना आणा. मला वाटलं भावजी उखडतील. ते म्हणाले, चला. पण दवाखान्यात पडद्यामागं डॉक्टरांनी तपासलं, त्यांचा नमुना घेतला, आणि भावजी बाहेर आले ते घामानं निथळत. सरळ स्टँडवर. म्हणाले, वैनी, पुन्यांदा म्या हितं पाय ठिवनार न्हाय, काय असंल ते तुमीच आना. पुढच्या शनिवारी मला सोलापूरला प्रशिक्षण होतं. जावेला म्हटलं, तूही चल, तर म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय आक्का, तुमाला सांगितलं काय न् मला सांगितलं काय.

डॉक्टरांनी मला बसवून नीट समजावलं. बीजाची संख्या फार कमी आहे, आणि कारण हाताला लागतंय. डाव्या बाजूच्या वृषणाशी शिरा फुगल्यात. छोटं ऑपरेशन आहे, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. खात्री देत नाही, पण वय लहान आहे, आशा चांगली आहे, फक्त उशीर करू नका. मी विचारलं, किती दिवसांत करावं लागेल? लवकर, म्हणाले. मी पुन्हा विचारलं, तरी किती? म्हणाले, ह्या वर्षात करून टाका. मग मी माझा प्रश्न काढला. सरकीच्या तेलानं, बीटीनं असं होतं का? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, त्याबद्दल मी काही ठाम सांगू शकत नाही बाई, मला समोर दिसतंय ते शिरांचं दुखणं आहे, आणि ते मला बरं करता येतं.

गाडी नळदुर्गला थांबेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. भावजी, तुमच्या. भावजी, ते जे असतं. भावजी, डॉक्टर म्हणाले की तिथं. तिथं म्हणजे कुठं? मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही, मला ते तोंडात धरता येईना. शाळेत वयात येण्याचा धडा आला की मी मुलांना म्हणते, हा घरी वाचा. आमच्यात भावजय म्हणजे आईच्या जागी, आणि आईनं लग्न झालेल्या मुलाला हे सांगायचं नसतं. तुम्ही म्हणाल, नवऱ्याकरवी सांगायचं. आमच्या ह्यांना गुपित सांगणं म्हणजे भरल्या गाडीत तिकीट मागितल्यासारखं, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाणार. जावेला सांगावं तर ती नवऱ्याला काय सांगणार, आणि भावजी म्हणणार, वैनीनं तुला हे सांगितलं? उमरग्यात उतरून मुरूमच्या गाडीत बसले तरी मी काहीच ठरवलं नव्हतं.

भावजी गोठ्यात होते. माझ्याकडं बघितलं नाही. एका शेळीच्या गळ्यातलं दावं सैल करत तिलाच विचारल्यासारखं म्हणाले, काय म्हनला डाक्टर?

मी म्हटलं, ताकद कमी दाखवलीय.

त्यांचा हात दाव्यावर तसाच राहिला. मान वर आली नाही. मागं चुलीवरचं काहीतरी उतू गेल्याचा वास आला, म्हणजे जाऊही दारामागं उभी होती. मला ते सहन होईना. कुणीतरी माझ्यासमोर एवढं लहान होतंय आणि ते मी केलंय, असं झालं. मी घाईघाईनं म्हणाले, खाण्यातनं झालंय भावजी, ते सरकीचं तेल, ती बीटी, त्यानंच.

त्यांनी मान वर केली. “म्हंजी आपल्या बोकडावानी?”

मी म्हटलं, व्हय.

“मग बंद केलं की हुतंय की वैनी!” म्हणाले आणि हसले. चार वर्षांत त्या माणसाला मी तसं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाले, हात्तिच्या, एवढंच व्हय, आनि म्या हितं मरायला टेकलो व्हतो. मग त्यांनी शेळीच्या पाठीवर थाप मारली. मी कागद पुढं केला तर म्हणाले, तुमच्यापाशीच ठिवा, मला त्यातलं काय कळतंय. तो कागद माझ्या सेवापुस्तकाच्या फायलीत गेला आणि तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ माझ्या पाया पडली. आक्का, माझ्यात काय न्हाई ना, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यात काही नाही. त्या सगळ्यात एवढं एकच वाक्य खरं होतं, आणि त्याच वाक्यामागं मी पुढं कित्येक वर्षं लपले. आत्याबाईंचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. गौरीच्या हळदीकुंकवाला जाऊ पुढं बसली. मी स्वतःला म्हणाले, बघ, किती चांगलं झालं. ऑपरेशनचं दिवाळीत सांगू, सवडीनं, नीट शब्द सापडले की.

दसऱ्याच्या आधी भावजींनी कापूस उपटला. दोन एकर उभा कापूस, बोंडं भरत आलेली, आणि हा माणूस पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन एकेक झाड काढतोय. आमचे हे गाडीवरून आले आणि बांधावरून ओरडायला लागले की डोकं फिरलंय का तुझं, चार महिने थांबला असतास तर काय बिघडलं असतं. भावजी म्हणाले, वैनीला इचार. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, काढू द्या त्यांना, माणसापेक्षा कापूस मोठा आहे का. सगळं माहीत असताना म्हटलं. त्या संध्याकाळी आत्याबाईंचे पाय दाबताना बघितलं तर भावजींच्या हाताला फोड आले होते, आणि जाऊ त्यावर हळद लावत होती. दोघं काहीतरी बोलून हसत होती. मी आत निघून गेले.

मग घरात सरकीचं तेल यायचं बंद. भावजींनी करडई पेरली, घाण्यावरून तेल गाळून आणलं. बाजारातली भजी बंद, शेव बंद. लग्नाला गेले तर फडक्यात स्वतःची भाकरी आणि ठेचा. पंगतीत बसून पत्रावळीला हात न लावता आपली भाकरी मोडायचे. लोक चेष्टा करायचे, की नवरदेवापेक्षा ह्यांचाच थाट मोठा. भावजी म्हणायचे, खुशाल हसा. वर्ष गेलं. दुसरं गेलं. मी मधूनच म्हणायचे, भावजी, एकदा डॉक्टरांकडं जाऊन येऊ या का? तर म्हणायचे, कशाला, अंग साफ व्हायला येळ लागतोय. बोकडाला तीन महिने, मानसाला तीन वर्सं तरी लागायची.  त्यांना पटण्यासारखं खोटं मीच सांगितलं होतं, आता ते माझ्याच विरुद्ध माझ्याशी वाद घालत होतं.

सगळ्यात वाईट मला ग्रामसभेचं वाटतं. तिसऱ्या वर्षी आम्ही बायकांनी चोर बीटी गावात विकायचं नाही असा ठराव आणला. पुरुष ऐकेनात. एक जण म्हणाला, बाई उगं भ्या दाखवत्यात, कुनाला काय झालंय ते तर सांगा. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर मागून भावजी उठले. जो माणूस दवाखान्यातून घाम पुसत पळाला होता, तो माणूस सगळ्या गावासमोर, भावकीसमोर, सोयऱ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मला झालंय. माझी ताकद त्या बियानं गेली. माझ्या वैनीनं डाक्टरचा कागद आनलाय. तुमी तरी शाने व्हा.”

कुणी हसलं नाही. ठराव झाला. बायकांनी माझा सत्कार केला, नारळ दिला. मी तो घेतला. व्यासपीठावर मी उभी होते, खाली भावजी माझ्याकडं अभिमानानं बघत होते, आणि माझ्या बाजूनं बोलायला त्यांनी स्वतःच्या अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली होती. त्याच दिवशी त्यांना बाजूला घेऊन मी सांगायला हवं होतं. अजून वेळ होता. जाऊ तेहतीसची होती. पण आता सांगायचं म्हणजे तीन वर्षं का नाही सांगितलं तेही सांगायचं, आणि त्या भर सभेतलं त्यांचं बोलणं खोटं ठरवायचं. मी भ्याले. भावजींची काळजी, जावेचं सुख, हे सगळं सांगायला होतं. खरं बघितलं तर मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

गावात एकदा असंही बोललं गेलं की थोरलीला बरंच आहे, सगळी जमीन तिच्याच पोरींना. ते ऐकून मी त्या बाईच्या दारात जाऊन भांडून आले. पण घरी आल्यावर स्वतःला विचारलं, की खरंच तसं काही होतं का मनात. नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण जिला असं विचारावं लागतं तिच्या शपथेला काय किंमत, हेही कळत होतं.

चौथ्या वर्षी आत्याबाई गेल्या. शेवटच्या दुखण्यात जावेनंच त्यांचं सगळं केलं. जायच्या आधी त्यांनी तिचा हात धरून माफी मागितली, की तुझ्यात खोट न्हवती गं, त्या मेल्या बियाची व्हती, आनि म्या तुला बोलत बसले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

ह्या साली तुरीच्या राशीला पोतं उचलताना भावजी खाली बसले. कळ मांडीत उतरली होती, चेहरा पांढरा पडला होता. मग निघालं की ती बाजू कित्येक वर्षांपासून जड व्हायची, ठणकायची, आणि त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. उमरग्याच्या डॉक्टरांनी तपासून सोलापूरला पाठवलं. भावजी म्हणाले, मग त्या जुन्या डाक्टरकडंच जाऊ, त्यांच्याकडं आपला कागद आसंल. माझ्या शाळेत परीक्षा होती. खरं सांगायचं तर परीक्षा दुसऱ्या शिक्षिकेवर सोपवता आली असती. जाऊ त्यांच्याबरोबर गेली. दिवसभर मी फळ्यावर काय लिहिलं मला आठवत नाही.

संध्याकाळच्या गाडीनं ती दोघं आली. जाऊ न बोलता आत गेली. भावजी अंगणात बाजेवर बसले, पाणी प्यायले, आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय म्हणाले, दुखणं थांबायसाठी. मुलाचं काय, असं मी विचारलं नाही. तेच बोलले. डॉक्टर म्हणाले होते की एक बाजू सुकत आलीय, तेव्हा केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. लांबचे उपाय सांगितले, मोठ्या शहरातले, पण जावेनं हात जोडून पुरे म्हटलं होतं. ती आता सदतीसची आहे.

मग भावजींनी तांब्या खाली ठेवला. 

“वैनी,” म्हणाले, “डाक्टर म्हनत व्हते की आप्रेशनचं तवाच सांगितलं व्हतं. तुमी इसरलाव जनू. त्या प्रशिक्षनाच्या गडबडीत.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते माझ्यासाठी वाट काढून देत होते. मी थोडा जरी दम धरला असता तर खरं बोलले असते, असं मला अजून वाटतं. पण माझ्या तोंडातून आलं, व्हय भावजी, इसरले बघा. ते मान हलवत राहिले. म्हणाले, हुतंय. तुमच्यामागं का थोडी कामं असत्यात. आनि तसंबी ते बियानं वाईटच हाय, तेवढं तरी कळलं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. जाऊ पाठमोरी बसून कणीक मळत होती. मी तिच्याजवळ बसले. तीच बोलली. माझ्याकडं न बघता, हात न थांबवता, आवाज न चढवता.

“तुमी इसरला न्हाईत, आक्का. डाक्टरला आठवतंय. हे पडद्यामागं व्हते तवा मला म्हनले, त्या बाईनं दोनदा इचारलं व्हतं, आप्रेशन किती दिवसांत करावं लागंल म्हनून.”

मला वाटलं ती आता ओरडेल, मला शिव्या देईल, माझ्या अंगावर ती परात फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी सांगते त्यांना, आत्ता सगळं सांगते, तुझी शपथ. खरंच उठले. सात वर्षांत पहिल्यांदा मला ते सगळे शब्द येत होते, शिरा, वृषण, सगळे. तिनं कणकेच्या हातानं माझं मनगट धरलं. तिच्या हातात केवढी ताकद आहे ते मला त्या दिवशी कळलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “तुमी सांगायचं न्हाई. सांगून तुमाला हलकं वाटंल, आनि त्यांना? आत्याबाई गेल्यापासनं त्यांना तुमीच हाव. माझं लेकरू तर गेलं. आता त्यांची वैनी बी नेऊ नका.”

मी खाली बसले. तिनं हात सोडला आणि पुन्हा कणीक मळायला घेतली.

मी हे लिहितेय, पण भावजींना हे कळणार नाही. घरात येणारं छापील सगळं त्यांना मीच वाचून दाखवते.

थोड्या वेळानं त्यांनी बाहेरून हाक मारली, वैनी, या जेवायला, तुमच्याबिगर आमी बसत न्हाय. जावेनं माझ्या मनगटावरची कणीक आपल्या पदरानं पुसली. मी गेले आणि त्यांच्या शेजारी बसून जेवले.